मागचं दालन

वासंतीच्या केसांवर टाळूपाशी आडवा वळ उमटला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळभर डोक्यावर हेडफोनची पट्टी बसली की तो उमटतोच. मी संग्रहालयाच्या आवारातल्या नळावर हात ओला केला आणि पायऱ्यांपाशीच तिचे केस सारखे करायला लागले. ती मान वाकवून उभी राहिली. पस्तिशीची बाई, ट्रंक कॉलवर मोठमोठ्या साहेबांना 'जरा थांबा' म्हणून सांगणारी, पण अशा वेळी शाळेत निघालेल्या मुलीसारखी उभी राहायची. तिने एकदा तरी माझा हात झटकावा असं मला वाटे. ती कधी झटकत नसे.

"राहू दे आत्या. नाही जायचा तो वळ."

"जातो. तू हलू नकोस."

दारात संपत स्टुलावर बसला होता. संपत म्हणजे इथला शिपाई. वाघोलीचा, खाकी कपड्यातला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. आमच्याकडे बघून त्याने ओळखीची रेघसुद्धा तोंडावर उमटू दिली नाही. तिकिटाची खिडकी तिकडं हाय, म्हणाला आणि बोट दाखवलं. जसं काही आम्ही दोघी आजच एस.टी.तून उतरून पुणं बघायला निघालो होतो. मीही बरं म्हटलं आणि खिडकीकडे गेले. बरीच वर्षं हे असं चाललं होतं आणि आम्ही तिघंही ते इमानाने पाळत होतो.

याचं मूळ पोह्यांत आहे. वासंतीची आई ती लहान असतानाच गेली. मी तिची आत्या, मंदाकिनी. नवरा गेल्यावर भावाकडे, दिगंबरकडे, परत आले आणि पोरीला वाढवलं. तिच्यासाठी स्थळं बघायला लागलो तेव्हा रीतीप्रमाणे पाहुणे घरी यायचे. आमच्या दोन खोल्या आणि पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी. कढीपत्त्याची फोडणी पडली की गॅलरीतल्या बायका समजायच्या, आज खांबेट्यांकडे पाहुणे. पाहुणे गेले की कुणी विरजण मागायला, कुणी वाटीभर साखर मागायला यायची आणि जाता जाता विचारायची, काय हो, पसंती आली का? पुढे पुढे त्या विचारेनाशा झाल्या. मला तेच जास्त लागायचं.

मुलीत काही खोट होती म्हणाल तर तसंही नाही. उंच होती, सावळी होती, दिवसा-रात्री कधीही ड्यूटी लागणारी नोकरी होती, आणि आई नव्हती. प्रत्येकाला यातलं काहीतरी एक पुरायचं. एका दुपारी वासंतीने पोहे भिजवायला घेतलेली रोळी पुन्हा ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "यापुढे माझ्यासाठी या घरात पोहे करायचे नाहीत." आवाज चढवला नाही. एक्स्चेंजची सवय, समोरचा कितीही ओरडला तरी आपला आवाज तोच. दिगंबर नुसता टकलावरून हात फिरवत बसला.

तेव्हा मला संग्रहालय सुचलं आणि खरं सांगते, माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं. कुणी विचारणार नाही, का आलात म्हणून. डोक्यावर पंखे आहेत, टेकायला बाकं आहेत. समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघायला नकोत. 'मुलीला जरा चालून दाखवायला सांगा' असं तोंडाने म्हणायला नको, कारण तिथे चालायचंच असतं. बोलणं संपलं तर भिंतीवर चित्रं आहेत. मुलाकडचेही खूश व्हायचे, त्यांना वाटायचं काय कलाप्रेमी घराणं आहे. आमच्या घरात कला म्हणजे बँकेच्या कॅलेंडरवरचा गणपती, पण ते कशाला सांगायचं?

सगळा रस्ता मी आखून ठेवला होता. आधी खालच्या मजल्यावरच्या दगडी मूर्ती, मग पितळी दिवे आणि भांडी, मग जिना. जिन्यापाशी आलं की माझे गुडघे दुखायला लागायचे. तेव्हा ते दुखत नसत, आता खरोखर दुखतात. मी मुलाच्या आईला किंवा बहिणीला घेऊन खालच्या बाकावर बसायचे आणि म्हणायचे, तुम्ही दोघं बघून या वरचं. वर मोठं दालन, राजे-सरदारांच्या तैलचित्रांचं. मधोमध पांढऱ्या घोड्यावर बसलेला कुणीसा सरदार. झाडून सगळे मुलगे त्या घोड्याबद्दल बोलायचे. घोड्याचं बोलून झालं की पगार, बदली, 'लग्नानंतर नोकरी करणार का?' मग खालून मी हाक मारायची, "वासंती, उशीर होतोय गं." की ते खाली.

त्या मोठ्या दालनाच्या मागे अजून एक दालन आहे, कोपऱ्यातल्या दारातून आत जायचं. तिथवर कधी कुणी पोचलंच नाही. तिथे काय असेल कुणास ठाऊक, असं वासंती एकदा घरी परतताना म्हणाली होती. मी म्हटलं, लग्नानंतर नवऱ्याबरोबर जाऊन बघ सावकाश.

सुरुवातीला संपत आमच्याशी चांगला बोलायचा. आल्या आल्या हसायचा, माझ्यासाठी बाकावरची धूळ फडक्याने झटकायचा. मग तो बँकेतला मुलगा आला. पत्रिका जमली होती, मुलाला मुलगी आवडली होती, मुलाची आई माझ्याशी हॉलच्या भाड्याबद्दल बोलायला लागली होती. आम्ही बाहेर पडत होतो. दारात संपत मोठ्या प्रेमाने म्हणाला, "काय ताई, आवडला का घोडा पाव्हण्यास्नी? मागच्या पाव्हण्यास्नी बी लई आवडला हुता."

मुलाची आई चपलेत पाय घालता घालता थांबली. मग अगदी गोड आवाजात तिने संपतला विचारलं, या ताई नेहमी येतात का हो इथे? आणि तो भला माणूस अभिमानाने म्हणाला, येत्यात की, आमच्या घरच्यावानी हायेत त्या. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जमत नाही. जमलेली पत्रिका आठवड्यात बिघडते हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी तिथे गेले आणि संपतला दारातच फैलावर घेतलं. तुमच्या जिभेपायी एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, म्हटलं. तो स्टुलावरून उठून उभा राहिला होता. शेवटी मी बोलून दमले. मग म्हणाला, "माझीबी पोरगी लग्नाची हाय, बाई. मला कळाया पायजे हुतं."

त्या दिवसापासून त्याने आम्हाला ओळखणं बंद केलं. पाहुणे बरोबर असोत नसोत, तिकीट तिकडं, चपला हितं काढा, चित्राला हात लावू नका, एवढंच. एकदा तर मंडईत भाजीच्या गाळ्यापाशी समोरासमोर आलो. मी होऊन हाक मारली, अहो संपत! तर वांगी निवडता निवडता वर न बघता म्हणतो, कोण आपण? मी कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन वासंतीला सांगितलं तेव्हा ती हसली आणि मग बराच वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तर त्या दिवशी यायचे होते ते श्रीधर पोंक्षे. कर्वेनगरला राहायचे, एका कॉलेजच्या कचेरीत होते. पहिली बायको तीन वर्षांमागे काविळीने गेली. पंधरवड्यापूर्वी स्वतःच पत्रिका द्यायला घरी आले होते. थोडे वाकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. फार बोलले नाहीत. चहा झाल्यावर कपबशी उचलली, आत मोरीपाशी नेऊन ठेवली, आणि आतच वासंती उभी होती तिला म्हणाले, तुमची ड्यूटी पहाटेची असते ना, मग दुपारी झोप काढत असाल, मी वेळ चुकवली. एवढंच. मी इतकी वर्षं इतक्या पुरुषांना चहा दिला, पण एकाने कप आत नेऊन ठेवलेला पाहिला नव्हता.

त्यांना मुलगी पसंत होती. साताऱ्याहून थोरली बहीण यायची होती, कुसुमताई, तिने एकदा बघितलं की झालं. त्यांनीच म्हटलं, घरी नको, तुम्हाला दगदग होईल, बाहेर कुठेतरी भेटू. मग काय, आमचं संग्रहालय होतंच.

आणि वासंतीने, जिने कधी कुठल्या स्थळाचं नाव लक्षात ठेवलं नाही, तिने दोनदा विचारलं, आत्या, ते चार म्हणाले की साडेचार? साडी तिने स्वतः काढली, अबोली रंगाची, आणि इस्त्रीही स्वतः केली. त्या दिवसाची दुपारची ड्यूटी मैत्रिणीशी बदलून पहाटेची घेतली. मला काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण मी पिशवीत नारळ आणि खण घेतला होता. कुसुमताईंची ओटी तिथेच भरून टाकायची असं मनाशी धरून चालले होते. मला या पोरीचं एकदाचं भलं झालेलं बघायचं होतं. मी थकले होते, माझा भाऊ थकला होता, आणि ती तर कधीची थकली होती.

चार वाजले. आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसलो. साडेचार झाले. संग्रहालयात फारसं कुणी नव्हतं. खेड्याकडचं एक नवीन जोडपं होतं, नवरी हिरव्या चुड्याचे हात पदराखाली लपवत मूर्ती बघत होती आणि प्रत्येक मूर्तीला नमस्कार करत होती. दोन गोरे लोक होते, ते एका दिव्यासमोर उभे राहून वहीत काहीतरी काढत होते. पंखा कुरकुरत फिरत होता. वासंती पहाटे साडेतीनला उठलेली, तिची मान हळूहळू भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. मी तिच्या मांडीवरची पर्स माझ्याकडे घेतली.

पाच वाजत आले. मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या वेळेला संपतही स्टुलावरून मान लांब करून रस्त्याकडे बघत होता. मला बघितल्यावर त्याने लगेच मान आत घेतली.

संग्रहालयाच्या कचेरीतला फोन वाजला. वासंती डोळे न उघडता म्हणाली, "ट्रंक नाही. लोकल आहे." घंटेवरूनच तिला कळायचं, फोन बाहेरगावचा की गावातलाच. आणि मग तिचे डोळे उघडले.

कचेरीतल्या बाबूने दार अर्धवट उघडून संपतला बोलावलं. कुणाचा तरी निरोप आहे, घे तूच, असं काहीतरी म्हणाला. संपत आत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला, मधूनमधून मान हलत होती. मग हलायची थांबली. फोन ठेवून झाल्यावरही तो तसाच उभा राहिला.

बाहेर आला तो आमच्याकडे आलाच नाही. सरळ मूर्तींच्या दालनात गेला आणि मोठ्याने विचारायला लागला, "हितं कुणी खांबेटे हायेत का? खांबेटे?" त्या गोऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला, खांबेटे का आपण? त्यांनी हसून माना हलवल्या. खेड्यातल्या जोडप्याला विचारलं, तर नवरा म्हणाला, न्हाई, आमी गायकवाड. मग तो जिना चढून वर गेला. वर चिटपाखरू नव्हतं, आम्ही जिन्याखालीच बसून होतो, कुणी वर गेलेलं नव्हतं. तरी वरून त्याचा आवाज आला, त्या रिकाम्या दालनात, सगळ्या राजांना आणि सरदारांना आणि त्या घोड्याला विचारत असल्यासारखा, कुणी खांबेटे हायेत का? मला हसू येत होतं आणि मी पिशवीचे बंद घट्ट धरले होते. वासंतीने पदर सारखा केला आणि ताठ बसली. तो पायऱ्या उतरत आला तेव्हा ती त्याच्याकडे एकटक बघत होती.

आमच्यापुढे येऊन संपत म्हणाला, "आपलं नाव खांबेटे का?"

"हो," वासंती म्हणाली.

"निरोप हाय. पाव्हण्यांची गाडी बंद पडली वाटेत. आज येणं व्हत न्हाई. पुन्यांदा कळवतो म्हणाले."

माझा जीव भांड्यात पडला. मी तर बोलायलाही लागले, तरीच म्हटलं, साताऱ्याहून यायचं म्हणजे खंबाटकीचा घाट, गाड्या तापतातच तिथे, आणि बाईमाणूस बरोबर. मी आणखीही काय काय बोलले असेन. वासंती माझ्याकडे बघत नव्हती. ती संपतच्या हातांकडे बघत होती. तो टोपी काढून तिची कड चुरगळत होता.

"फोनवर काय म्हणाले ते तसंच्या तसं सांगा," ती म्हणाली. "मी रोज लोकांचे निरोप देते. निरोपात आपल्या पदरचं काही घालायचं नसतं."

संपतने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको, सांगू नका.

"आत्याकडे बघू नका. निरोप माझा आहे."

तेव्हा तो सरळ उभा राहिला, शाळेत पाठ केलेलं म्हणायला उभं करतात तसा, आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणाले, मी पोंक्षे बोलतोय. बहिणीनं साताऱ्यात दुसरीकडं शब्द देऊन टाकलाय. मला काल रातच्याला कळलं. मला न्हाई म्हणाया जमलं न्हाई. वासंतीताईंना सांगा..." तो अडखळला. "'ताई' असं ते न्हाई म्हणाले. नुसतं वासंतींना म्हणाले. वासंतींना सांगा, वाट बघत बसू नका."

"एवढंच?"

"एवढंच."

"ठीक आहे," ती म्हणाली. ट्रंक कॉलवर बोलणाऱ्याला 'तीन मिनिटं झाली' म्हणून सांगताना जो आवाज असतो, तोच.

माझं मात्र डोकं फिरलं. मी त्या श्रीधरला नको नको ते बोलले. कपबशी आत नेऊन ठेवायचा पराक्रम करतो आणि बहिणीपुढे तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ बसते, असला नेभळट पुरुष मेला काय कामाचा? त्या कुसुमताईला बोलले, जिचं मी तोंडही पाहिलं नव्हतं. साताऱ्यालाही बोलले. ते जोडपं मूर्ती सोडून माझ्याकडे बघायला लागलं. शेवटी शब्द संपले आणि मला रडू यायला लागलं. वासंतीने मला पुरतं बोलू दिलं आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं तर मी तिच्या पाठीवर ठेवायचा.

संपत अजून तिथेच उभा होता. जावं की थांबावं ते त्याला कळत नव्हतं. ओळख नसलेल्या बाईपुढे किती वेळ उभं राहायचं असतं?

वासंती त्याला म्हणाली, "संपतराव, आज कुणी येणार नाही. आता ओळख दाखवलीत तरी चालेल."

त्याने मान खाली घातली. टोपी खिशात कोंबली, पुन्हा काढली. मग वर बघितलं ते सरळ तिच्या तोंडाकडे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"लई दिसांनी भेटलात, ताई," तो म्हणाला. "वाळलात जरा."

"हो. पहाटेच्या ड्यूट्या असतात. मुलगी कशी आहे तुमची?"

"बरी हाय. नांदती हाय लोणीकंदाला." बोलून झाल्यावर त्याला वाटलं असावं की हे आत्ता सांगायला नको होतं. पण वासंती बरं झालं म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मला तिचा सूर कळतो.

मी पिशवी सावरली. उठ, म्हटलं, चल घरी, तुझा बाप वाट बघत असेल. दिगंबर अशा वेळी खिडकीत बसून असायचा, आम्ही कोपऱ्यावर दिसलो की आमच्या चालीवरून काय ते ओळखायचा आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायचा. वासंती उठली. पण दाराकडे न जाता तिने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"मागच्या दालनात काय आहे हो?" तिने संपतला विचारलं.

"बारकी बारकी चित्रं हायेत, ताई. तसं कुणी जात न्हाई तिकडं. दिवाबी बंद असतो."

"लावाल?"

त्याने घड्याळाकडे बघितलं. संग्रहालय साडेपाचला बंद व्हायचं आणि कचेरीतल्या बाबूने टेबलाचे खण ओढून बघायला सुरुवात केली होती. "लावतो की," संपत म्हणाला आणि तिच्या पुढे जिना चढायला लागला. ती त्याच्या मागून गेली. अबोली साडीची इस्त्री मागून पार मोडली होती, इतका वेळ बसून.

मी खालीच बसले. पिशवी मांडीवर घेतली, त्यातला नारळ मांडीला टोचत होता. वर मोठ्या दालनातून त्यांची पावलं गेली, घोड्यापाशी थांबली नाहीत. कोपऱ्यातलं दार उघडल्याचा आवाज आला, कडी गंजलेली असावी. मग बटणांचे आवाज, एक, आणि जरा वेळाने दुसरं. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पिवळा उजेड पडला. तिथे उजेड असतो हे मी पहिल्यांदाच बघत होते.

थोड्या वेळाने संपत खाली आला आणि दारामागची पितळी घंटा घेऊन दालनांतून फिरायला लागला. रोज बंद व्हायच्या वेळी तो ती वाजवत फिरतो. गोरे लोक वही मिटून निघाले. ते जोडपं निघालं, नवरीने जाता जाता दारातल्या गणपतीला पुन्हा हात जोडले. बाबूने कचेरीला कुलूप घातलं, माझ्याकडे बघितलं, संपतकडे बघितलं. मी बंद करून घेतो, साहेब, संपत म्हणाला. बाबू सायकल काढून गेला.

मग संपत जिना चढायला लागला. वरचं दालन राहिलं होतं. मी बघत होते. पहिल्या पायरीवर त्याने घंटा वाजू नये म्हणून आत हात घालून तिचा लोलक मुठीत धरला आणि तसाच धरून वर गेला. वर गेल्यावर शेवटच्या पायरीवर बसला, दालनाकडे पाठ करून, घंटा मांडीत घेऊन.

आतून वासंतीच्या पावलांचा आवाज येत होता. चार पावलं वाजायची आणि थांबायची. बराच वेळ थांबायची. मग पुन्हा चार पावलं. घरी दिगंबर खिडकीत बसला असेल, बाहेर अंधारून यायला लागलं होतं, आणि पहाटे तिला पुन्हा उठायचं होतं.

मी खालून हाक मारली नाही.